मांडीतली दोरी

"चाल," बिराप्पानं नातीला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

सृष्टी ओसरीपासून निघाली, अंगण ओलांडून मेंढरांच्या जाळीपर्यंत गेली आणि परत आली. बिराप्पा मान खाली घालून ऐकत होता. उजवं पाऊल, डावं पाऊल. उजवं, डावं. धप् आणि धप्. दोन्ही आवाज सारख्या वजनाचे, दोन्हींमधलं अंतर सारखं.

"आबा, म्या मेंढरू हाय का?" सृष्टी म्हणाली.

"मेंढरू बरं. सांगितलेलं ऐकतं तरी. अजून एकदा जा."

मेंढराचा पाय बरा झाला की नाही, हे डोळ्यांनी बघू नये, कानांनी ऐकावं, असं बिराप्पाच्या वडिलांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं. माणूस बघतंय म्हटल्यावर मेंढरू दुखणं लपवतं. लंगडं दिसलं तर कोल्हा आपल्यालाच धरणार, हे त्याच्या रक्तातच असतं. पण पावलाचा आवाज त्याला लपवता येत नाही. दुखरा पाय जमिनीवर हलका पडतो आणि लवकर उचलला जातो. जन्मभर मेंढरं राखलेल्या बिराप्पाचा कान या बाबतीत कधी चुकला नव्हता. आता मेंढरं दहा-बाराच उरली होती, पण कान तोच होता.

दुसरी फेरी झाली. त्यानं डोळे उघडले. ओसरीवर जोंधळे पाखडणारी त्याची बायको गजराबाई सूप हातात तसंच धरून त्याच्याकडे बघत होती.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?" तिनं विचारलं.

"बरोबर पडत्यात पावलं. काय फरक न्हाय."

"मग जाऊ द्यायचं का उद्या?"

बिराप्पानं मनाशी दिवस मोजले. उद्याचा दिवस हा चैत्र पौर्णिमेनंतरचा दिवस होता. येरमाळ्याच्या डोंगरावरून येडेश्वरीची पालखी खाली येणार, आणि लाखभर माणूस चुन्याच्या रानात उतरून चुनखडीचे खडे वेचणार. सृष्टीच्या हातून पाच खडे वेचून देवीला वाहीन, असा नवस गजराबाई पौषातच बोलून बसली होती, ज्या दिवशी पोरीला सोलापूरच्या दवाखान्यात ऑपरेशनला आत नेलं त्याच दिवशी.

"जाऊ द्या," बिराप्पा म्हणाला.

*

सृष्टीचा उजवा गुडघा मोडला तो खो-खोच्या मैदानावर. सृष्टी अकरावीत होती. वडील वैजनाथ परंड्याच्या आगारात एसटीचे कंडक्टर, आईही तिकडंच. पण येरमाळ्याच्या शाळेचा खो-खोचा संघ चांगला म्हणून पोरगी आजी-आजोबांजवळ राहिली होती. पळतीचा डाव तिच्यासारखा कुणी खेळत नसे. पाठलाग करणारी अगदी हाताच्या अंतरावर आली की ती एका पायावर हुलकावणी देऊन वळायची आणि समोरची नुसती हवेत हात मारत पुढं निघून जायची. दिवाळीनंतरच्या एका सामन्यात अशीच वळताना उजवा पाय मातीत रुतून बसला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. आतून कट् असा आवाज आला, तो तिचा तिलाच ऐकू आला.

गुडघा सुजला आणि पंधरवड्यात उतरलाही. मुरगळला असेल, असं सगळे म्हणाले. सृष्टीही म्हणाली, कारण तिला पुढच्या सामन्याला जायचं होतं. तेव्हाही बिराप्पानं डोळे मिटून तिला चालायला लावलं होतं आणि म्हणाला होता, "उजवं पाऊल उशिरा पडतंय. आत कायतरी तुटलंय." कुणी मनावर घेतलं नाही. पोरगी मैदानात गेली आणि पहिल्याच वळणाला गुडघा खिळखिळ्या बाजेसारखा बसला. मग वैजनाथ आणि बिराप्पा तिला सोलापूरला घेऊन गेले आणि तपासणीत तेच निघालं. म्हणून तर बिराप्पाचा आपल्या कानावर इतका भरवसा होता.

डॉक्टरांनी टेबलावर प्लास्टिकचा गुडघा ठेवून समजावून सांगितलं होतं. मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली, आणि दोघांना आतून बांधणारी बोटाएवढी एक दोरी. तिला लिगामेंट म्हणतात. ती तुटली की नडगी पुढं सरकते. डॉक्टरांनी सृष्टीला आडवं झोपवून, गुडघा थोडा वाकवून, नडगी हातात धरून ओढून दाखवली. ती खरंच सरकली. नीट न बसलेल्या टेबलाच्या खणासारखी पुढं आली.

"शिवून टाका की मग," तो म्हणाला.

"शिवून धरत नाही, आजोबा. सांध्यातल्या पाण्यात ती दोरी असते, तुटली की तिची टोकं विरून जातात. नवीन दोरी घालावी लागते."

"नवीन कुठनं आणायची?"

"हिच्याच पायातून. मांडीच्या मागं आतल्या बाजूला लांब शिरा असतात, रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या. हात लावून बघा, गुडघ्यामागं ताठ लागतात ना, त्या. त्यातल्या दोन काढायच्या, दुमडून चार पदरी करायच्या, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवायच्या आणि दोन्हीकडून पक्क्या करायच्या."

बिराप्पानं गुडघ्यामागं हात घालून आपलीच शीर चाचपली. धनुष्याच्या दोरीसारखी ताठ. चांगली शीर काढून घ्यायची, हे त्याला काही पटेना.

"पोरीच्या कशाला काढता? माझ्या काढा की. मला आता कुठं पळायचंय?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याचीही बसवता येते. पण आपल्या अंगाला आपलंच चांगलं रुजतं. आणि काढली तिथं पुष्कळदा शिरेसारखं पुन्हा येतं. नाही आलं तर बाकीच्या शिरा ते काम उचलतात."

चार पदरी दोरी म्हटल्यावर मात्र त्याच्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर त्यानं लोकर कातली होती, दोऱ्या वळल्या होत्या. ओवण्याआधी ती शीर ताणून ठेवतात, हे ऐकून तर त्याला डॉक्टर आपल्यातलाच माणूस वाटला. आपणही नवी दोरी दगड टांगून ताणत ठेवतोच की. दोरी वळली, ताणली, बांधली. नवी दोरी पहिल्या दिवशी सगळ्यात मजबूत, मग वापरानं झिजत जाते. दोन-अडीच महिने टिकली म्हणजे टिकली. हा हिशेब त्यानं मनाशी करून टाकला आणि कुणाला विचारला नाही. चूक झाली ती इथं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी महेश्वरी मॅडम तर पहिल्या दिवसापासून सांगत होती. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गुडघ्याचा पट्टा मी सांगेपर्यंत काढायचा नाही. उकिडवं बसायचं नाही. ढेकळाच्या रानात जायचं नाही. सृष्टीनं फाल्गुनापर्यंत सगळं पाळलं. पाय भिंतीला लावून वाकवायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी वाकवायची. मग दुखणं थांबलं. सूज गेली. काठ्या सुटल्या. आणि दुखणं थांबल्यावर माणूस सांगितलेल्या गोष्टी विसरायला लागतो.

*

चुन्याचं रान म्हणजे काळं, भेगाळलेलं, उघडं रान. पालखीबरोबर माणसांचा लोंढा खाली आला. हलगी कडाडत होती, "येडाईचा उदो उदो" चालला होता, धुरळ्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. बिराप्पानं सृष्टीचा दंड धरला होता. पट्टा तिनं परकराखाली बांधला होता, गजराबाईच्या सांगण्यावरून जरा सैल, कारण आवळून बांधल्यावर खाली वाकताच येत नव्हतं.

"वाकूनच उचल. बसू नको," बिराप्पा म्हणाला.

"हा."

एक खडा तिनं वाकून उचलला. दुसराही. पायाखालचे खडे माणसांनी आधीच वेचून नेले होते, आता ढेकळांच्या सांदीत बोटं घालून उकरावे लागत होते. तिसऱ्यासाठी ती बसली. बिराप्पानं बघितलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून माणसांचा एक लोंढा आला. त्याच्या हातातून तिचा दंड सुटला. ती उकिडवी असतानाच कुणाचा तरी गुडघा तिच्या पाठीला लागला आणि ती उजव्या बाजूला कलंडली. पाऊल ढेकळाखाली अडकलेलं, अंग दुसरीकडं.

बिराप्पानं लोकांना कोपरानं सारत तिला उठवलं. तिच्या मुठीत तीन खडे होते.

"काय झालं? आवाज आला का आतून?"

"न्हाय आबा. काय न्हाय झालं."

"खरं सांग."

"आवाज न्हाय आला. वढ बसली जरा."

तिच्या ओठांवर धूळ बसली होती आणि धुळीखालचा ओठ पांढरा पडला होता. बिराप्पानं तिला गर्दीतून बाहेर काढलं. ती चालत होती. सवयीनं त्यानं क्षणभर डोळे मिटले, पण हलगीच्या आवाजात त्याला काहीच ऐकू आलं नाही.

दिवस मावळायच्या आत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती. गजराबाई मीठ गरम करून शेकायला आली, तेव्हा बिराप्पानं तिचा हात धरला.

"शेकू नको. कायच करू नको. मॅडमला फोन लाव."

महेश्वरी मॅडमनं फोनवर ऐकून घेतलं. रागावली नाही, आणि तेच त्याला वाईट वाटलं. बर्फ लावा, पाय उंच ठेवा, वजन टाकू देऊ नका, सकाळी घेऊन या, एवढंच ती म्हणाली. मग त्यानं परंड्याला लावला.

"कुणी सोडलं तिला रानात?" वैजनाथनं विचारलं.

"म्या सोडलं."

"उद्या ड्युटी हाय माझी," वैजनाथ म्हणाला. "काय म्हणत्यात ते कळवा."

*

सकाळच्या सोलापूर गाडीत सृष्टीला खिडकीशी बसवून तिचा पाय बिराप्पानं आपल्या मांडीवर घेतला. गाडी खड्ड्यात आदळली की तो दोन्ही हातांनी गुडघा असा धरायचा, जसं काही आतली शीर त्याला बाहेरून सांभाळता येणार होती.

"आबा, पुन्हा तुटली आसंल तर?"

"न्हाय तुटली."

"पण आसंल तर? आता कुठली काढतील? त्या पायातली?"

बिराप्पानं तिचा पाय मांडीवर जरा वर ओढून घेतला. या पायातली शीर खर्ची पडली होती. दुसऱ्या पायाला हात लावायचा म्हणजे दोन पाय कापलेली पोरगी. ती पुन्हा पळणार कशी, आणि ते कुणामुळं, हे त्याला मनातसुद्धा पुरतं म्हणवेना. तुळजापूरला गाडी थांबली, कपाळाला कुंकू लावलेली माणसं चढली. बिराप्पानं मंदिराच्या दिशेनं हात जोडले. पण नवस बोलायचं धाडस त्याला झालं नाही. एक नवस फेडायला जाऊन ही गत झाली होती.

डॉक्टरांनी सृष्टीला आडवं झोपवलं. आधी डावा गुडघा वाकवून नडगी ओढून बघितली. मग उजवा. बिराप्पा त्यांच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघत होता. नडगी खणासारखी पुढं येताना त्यानं एकदा पाहिली होती, आता पुन्हा बघवली नसती. डॉक्टरांच्या कपाळावर बारीक आठी पडली. त्यांनी पुन्हा ओढलं. सृष्टीनं पलंगाची कड घट्ट धरली.

"सूज फार आहे," ते म्हणाले. "आणि ती पाय आखडून धरतीये. अशात खात्रीनं सांगता येत नाही. तुटली नसावी असं वाटतंय. पण वाटतंय म्हणजे कळलं असं नाही. पट्टा घट्ट, काठ्या पुन्हा सुरू. तीन आठवड्यांनी या, मग कळेल."

"पावलं बरोबर पडत होती, डॉक्टरसाहेब," बिराप्पा म्हणाला. "म्या ऐकली होती. अजिबात फरक नव्हता."

डॉक्टरांना ते काही कळलं नाही. दुसरा पेशंट आत आला होता. त्यांनी महेश्वरी मॅडमकडे बोट दाखवलं.

महेश्वरी मॅडमनं मात्र खुर्ची ओढून त्याच्यासमोर मांडली. कान लावून ऐकण्याची सगळी हकीकत तिनं ऐकली. दोरीचा हिशेबही ऐकला. मग विचारलं, "आजोबा, तुमच्याकडं कांदा लावतात ना?"

"लावत्यात की."

"वाफ्यातनं रोप उपटून आणून लावलं, त्या दिवशी कसं दिसतं?"

"हिरवंगार दिसतं."

"आणि चार दिवसांनी?"

"मान टाकतं. मग मुळी धरली की उभं ऱ्हातं."

"मान टाकलेली असताना कुणी ओढलं तर?"

"अल्लाद हातात येतं," बिराप्पा म्हणाला, आणि बोलता बोलताच थांबला.

"तसंच आहे हे. मांडीतनं शीर काढली, तेव्हा तिचं रक्त तुटलं. बसवली त्या दिवशी ती मजबूत होती, पण ती जुन्या जागेची ताकद. मग ती आतून मऊ पडते. गुडघ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, हळूहळू ती शीर राहत नाही, लिगामेंट होते. वर्ष लागतं त्याला. आणि गंमत बघा, ती सगळ्यात नाजूक असते तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. माणूस नीट चालत असतो. पावलाचा आवाज बरोबर येतो, कारण चालायला ती शीर फारशी लागतच नाही. ती लागते वळताना. तुमचा कान खरं बोलला, आजोबा. पण त्याला जे विचारायचं ते तुम्ही विचारलं नाही."

"म्हंजे दोरीच्या उलटं," बिराप्पा पुटपुटला. "दोरी पहिल्या दिवशी चांगली, मग उतरती. ही आधी उतरती, मग चढती."

"हां."

"हे आधी सांगितलं आसतं तर."

"उकिडवं बसू नका, रानात जाऊ नका, एवढं सांगितलं होतं," महेश्वरी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "का ते सांगितलं नव्हतं, हे खरं."

*

ते तीन आठवडे सृष्टी ओसरीवर पाय उंच ठेवून पडलेली असायची. शाळेतली मोनिका येऊन संघाच्या गोष्टी सांगायची, आणि ती गेली की सृष्टी भिंतीकडे तोंड करायची. गजराबाईनं ते तीन खडे देव्हाऱ्यात ठेवले होते. पाचाचे तीनच झाले, देवीचा कोप तर नसेल, असं ती एकदा म्हणाली.

"देवीनं ढकललं न्हाय तिला," बिराप्पा म्हणाला. "म्या सोडलं."

सूज उतरली. काठ्यांची टकटक थांबून पावलं वाजू लागली. बिराप्पा मेंढरांची जाळी बांधत असला, तरी मागून येणारा तो आवाज त्याच्या कानात शिरायचा. उजवं, डावं. सारखंच. अगदी तसंच, जसं यात्रेच्या आदल्या दिवशी होतं. आता त्या आवाजाचा काही अर्थ लावता येत नव्हता. मेंढराच्या पोटातलं, आभाळातलं, सगळं ज्याला कानानं कळायचं, त्याला नातीच्या गुडघ्यात बोटभर अंतरावर काय आहे ते कळत नव्हतं. रानात कांद्याची एखादी वाळकी पात दिसली तरी तो तिला धक्का न लावता वळसा घालून जायचा.

पुन्हा सोलापूर. पुन्हा तोच पलंग. या वेळी वैजनाथ रजा काढून आला होता आणि दाराशी हाताची घडी घालून उभा होता. डॉक्टरांनी सृष्टीला पाय सैल सोडायला सांगितलं, डावी नडगी ओढली, मग उजवी धरली.

बिराप्पानं या वेळी तोंडाकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं. नडगी केसभर पुढं आली आणि थांबली. दोरीला बांधलेलं कोकरू धावत सुटून दोरी संपल्यावर थांबतं, तशी थांबली. डॉक्टरांनी पुन्हा ओढली. पुन्हा तिथंच थांबली.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "धरून आहे. डाव्यापेक्षा किंचित सैल वाटतीये, पण धरलंय. या वेळी वाचली. खेळायचं मात्र दिवाळीनंतर बोलू, त्याआधी नाही. आणि मीच हो म्हणेपर्यंत नाही."

सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वैजनाथनं बिराप्पासाठी स्टूल सरकवलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बिराप्पा पुढं झाला आणि एकेका पायरीवर वळून बघू लागला.

"दुखरा पाय आधी," तो म्हणाला.

"दुखत न्हाय आबा आता."

"म्हणूनच म्हणतोय. दुखरा आधी."

*

आषाढ गेला, श्रावण गेला. कांदा लागला, मान टाकली, उभा राहिला. महेश्वरी मॅडमच्या परवानगीनं सृष्टी आधी भरभर चालली, मग गल्लीतल्या सपाट रस्त्यावर सावकाश पळू लागली, सरळ रेषेत, वळणं न घेता. बिराप्पा रोज ओसरीवर बसून असायचा. एका सकाळी ती पळून आली, घामानं निथळत, डोळे चमकत होते.

"आबा, आता वळून बघते. एकदाच. हुलकावणी न्हाय, नुसतं वळते. तुमी डोळे मिटा आन ऐका, लगेच कळंल तुमाला."

गजराबाई दारात येऊन उभी राहिली होती. अंगण मोकळं होतं, माती पावसानं दबून सपाट झाली होती. पोरीच्या पायात एवढं बळ भरलेलं दिसत होतं, की हो म्हणायला काहीच लागलं नसतं.

बिराप्पानं डोळे मिटले नाहीत.

"मला न्हाय कळायचं," तो म्हणाला. "वळायचं मॅडमपुढं. सोमवारी जायचंच हाय. चल, पाय धू."

ती रुसून, पाय आपटत मोरीकडं गेली. उजवं पाऊल, डावं पाऊल. त्यानं ऐकलं, आणि त्या आवाजावरून काहीही ठरवलं नाही.